टाळ्या म्हणजे पुरावा नव्हे

युवा दिनाचा कार्यक्रम धाडसारख्या गावातल्या शाळेत कसा होतो, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. तारीख 12 जानेवारी, आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजाच्या जिजाऊ जन्मोत्सवाचाही दिवस. मैदानावर मुलांच्या रांगा, मागे बॅनर, हात पुढे करून घेतलेली व्यसनमुक्तीची शपथ, पाहुण्यांचं व्याख्यान, टाळ्या. तासाभरात फोटो ग्रुपवर पडतात. अहवालात पाहुण्यांची नावं आणि उपस्थितीचा आकडा येतो. एक रकाना मात्र कधीच नसतो: वर्षभरानंतर यातली किती मुलं पुडीपासून लांब राहिली?

मुलांसाठीच्या कोणत्याही कार्यक्रमाला चांगलं म्हणण्याआधी तो रकाना भरलेला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्यावर जे आक्षेप घेतले जातात, ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा: ‘काहीच न करण्यापेक्षा हे बरं, नुकसान तर होत नाही ना?’ नुकसान होऊ शकतं. अमेरिकेत केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत 1939 मध्ये 506 मुलग्यांवर एक प्रयोग सुरू झाला. सारख्या मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं अशी मदत मिळाली; दुसऱ्याला नाही. 1978 मध्ये जोन मॅकॉर्ड यांनी या सगळ्यांच्या आयुष्याचा माग प्रसिद्ध केला. पुन्हा पुन्हा गुन्हे, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू या बाबतींत मदत मिळालेलेच मागे पडले होते. हेतू निर्मळ होता, माणसं मनापासून राबली होती. तरी फळ उलटं आलं, आणि तुलनेला दुसरा गट नसता तर ते कधी कळलंही नसतं.

दुसरा आक्षेप: ‘मुलांना आवडलं, पालक खूश आहेत, अजून काय हवं?’ मॅकॉर्ड यांच्या अभ्यासातल्या बहुतेकांनीही कार्यक्रमाचा आपल्याला फायदाच झाला असं सांगितलं होतं. लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली सुरू झालेला ‘डेअर’ हा उपक्रम घ्या. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके समजावून सांगायचा. शिक्षक, पालक, पुढारी, सगळ्यांना तो आवडला आणि देशभर पसरला. सहावीत हा पाठ घेतलेली मुलं विशीत आल्यावर त्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली गेली. 1999 मध्ये निष्कर्ष आला: व्यसनाच्या बाबतीत दोघांत फरक नाही. आवड म्हणजे परिणाम नव्हे.

तिसरा आक्षेप जास्त भारदस्त आहे: ‘संस्कार मोजता येत नाहीत.’ मनातलं सगळं मोजता येत नाही, हे मान्य. पण मुलीचं लग्न कितव्या वर्षी झालं, हे मोजता येतं. धाडच्या पलीकडे लगेच मराठवाडा लागतो. तिथल्या पैठण तालुक्यात पाचोड इथे आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर, शिकवायला गावातल्याच बाया. 1997 ते 2001 या काळात त्या गावांत अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचं प्रमाण जवळपास 81 टक्क्यांवरून 62 टक्क्यांवर आलं. वर्ग नसलेल्या गावांत तसा ठळक बदल दिसला नाही. शेजारची ती गावं पाहिली नसती, तर ‘काळच बदलला’ म्हणून कुणीही हे श्रेय काढून घेतलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीतही राज्यात 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. म्हणजे असे वर्ग लागणारी गावं अजून पुष्कळ आहेत.

चौथा आक्षेप: ‘ही परदेशी थेरं, आपल्याला कुठून परवडणार?’ डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत 39 गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली. तो पुरावा 1999 मध्ये जगापुढे गेला. आणि नवं वाण पेरताना आपला शेतकरी काय करतो? धुऱ्याकडची चार तासं नव्याची, शेजारी जुनं वाण. कापणीला दोन्हींचा उतारा बघतो, मगच पुढच्या हंगामाचं ठरवतो. बियाण्याला लावतो तेवढी कसोटी आपण लेकरांच्या बाबतीत का लावू नये?

पाचवा आक्षेप मला पटतो: दुसरीकडचा पुरावा इथे जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत शाळेचं वातावरण सुधारण्याचा एक उपक्रम तपासला गेला. त्यासाठी नेमलेल्या समुपदेशकानं तो चालवला तिथे गुण आला. तोच उपक्रम शिक्षकांकडे दिला तिथे आला नाही. प्रत्येक नवं काम गुरुजींच्या गळ्यात टाकणाऱ्या आपल्या व्यवस्थेनं हे नीट वाचावं. पण या आक्षेपातून पुरावा नको असं निघत नाही. तो इथेही गोळा करावा, एवढंच निघतं.

धाड परिसरात हे करता येईल. ग्रामसभेत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांत उपक्रम यंदा सुरू करावा, उरलेल्यांत पुढच्या वर्षी. म्हणजे कुणी कायमचं वंचित राहत नाही. सुरुवातीला आणि वर्षाअखेरीला दोन्हीकडे तेच प्रश्न विचारावेत. तंबाखूबद्दलची उत्तरं बिननावाच्या चिठ्ठीवर घ्यावीत, नाहीतर मार बसेल या भीतीनं मुलं खोटं लिहितील. आठवीतून नववीत किती मुली गेल्या, किती लग्नं अठराच्या आत झाली, हे घरोघर विचारून मोजावं. निकाल चांगला असो की वाईट, ग्रामसभेत वाचावा. निष्फळ ठरेल ते बंद करून तो पैसा आणि वेळ दुसऱ्या उपायाला द्यावा.

यंदा शाळेत एखादा पाहुणा उपक्रम घेऊन आला, तर सरपंचांनी, मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी त्याचा सत्कार जरूर करावा. पण हार घालण्याआधी विचारावं: याने कुठे, किती मुलांचं, काय बदललं, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं?