ताटावरचा विनय

जुळे सोलापुरातील एखाद्या व्यापारी घरात मुलीचा शिक्षणासाठी जपानला जाण्याचा विचार पक्का झाला, की वडील खर्चाचा मेळ घालू लागतात, मुलगी भाषेच्या परीक्षेची तयारी करते आणि आजी एकच प्रश्न विचारते, ‘‘तिथं खाणार काय?’’ भाषेच्या वर्गात कमरेतून वाकून अभिवादन, दोन्ही हातांनी भेट देणे-घेणे, दारातच पादत्राणे काढणे हे सारे शिकविले जाते. मंदिराची शिस्त अंगवळणी पडलेल्या मुलीला यातले बरेचसे निराळे शिकावे लागत नाही. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये, कारण दोन्ही गोष्टींचा संबंध अंत्यविधीशी आहे. एवढे मात्र नवे. खरी कसोटी आजीच्या प्रश्नात आहे.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हे पातळ सार. ते बहुधा सुकविलेल्या माशाच्या किसापासून काढतात आणि मिसो सूपपासून शिजविलेल्या भाज्यांपर्यंत अनेक पदार्थांत घालतात. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्याने भागत नाही. यजमान मांस वगळतो, दाशी तशीच राहते. त्यात कपट नसते. त्याच्या लेखी ती केवळ चव असते.

बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ या आहारपद्धतीत मांस-मासे नसतात. कांदा, लसूण यांसारख्या उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात. हे वाचून समाधान वाटते खरे, पण त्याच ताटात मुळा, कमळाचा कंद आणि अळंबीही येते. कंदमूळ न खाणाऱ्याने तिथेही विचारूनच घास घ्यावा.

विचारावे कसे, हाच शिष्टाचाराचा गाभा. वाढलेले ताट बाजूस सारल्याने यजमान ओशाळतो. तेच चार दिवस आधी कळविले तर विनय ठरतो. जपानी माणूस तोंडावर नकार देणे टाळतो. ‘चोत्तो...’, म्हणजे ‘जरा...’, एवढेच म्हणून तो वाक्य सोडून देतो. उरलेले समोरच्याने ओळखायचे. पेढीवर बसणाऱ्यांना ही भाषा परकी नाही. ‘पाहू, कळवतो’ ऐकल्यावर सौदा फिसकटल्याचे कोणाला उमगत नाही? आहाराच्या बाबतीत मात्र अर्धे वाक्य चालत नाही. वर्ज्य पदार्थांची यादी, त्यात दाशीचा स्पष्ट उल्लेख, जपानी लिपीत लिहून जवळ ठेवावी. कारण धर्मनियमाचे सांगावे. ‘आवडत नाही’ म्हटले, की आग्रह सुरू होतो.

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी एक हिशेब आधीच मांडावा. डिसेंबरात सोलापूरचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, टोकियोचा साडेचारलाच. सायंकाळचा डबा दुपारीच सोबत हवा. परवानगी घेऊन विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. पण उपाहारगृहात वा दुकानात मांस-मासे हाताळावे लागतील काय, हे काम स्वीकारण्यापूर्वीच विचारलेले बरे.

कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारासाठी स्थिरावलेल्या जैन कुटुंबांचे जिनमंदिर १९८५ पासून उभे आहे. ओसाकात शिकणाऱ्याला ते आगगाडीने अर्ध्या तासावर पडते. टोकियोला जाणाऱ्याने वसतिगृह निवडताना स्वतंत्र स्वयंपाकघराची चौकशी भाड्याच्याही आधी करावी.