गुन्हेगार जमाती : परकेपणाची सरकारी नोंदवही

१/ वेगळ्या माणसाची भीती मनुष्यस्वभावातच असते, म्हणून समाज त्याला परका ठरवतो, असे स्पष्टीकरण इतिहासाच्या चर्चेत वारंवार दिले जाते. ते सोयीचे आहे. स्वभावाला दोष दिला की कोणालाच जबाब द्यावा लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापुढे मात्र हे स्पष्टीकरण टिकत नाही.

२/ भटके लोक गावाला अनोळखी नव्हते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य आणीत. वडार दगड फोडीत, कैकाडी टोपल्या विणीत. गावाने त्यांना बरोबरीने वागवले असे मुळीच नाही; पाल वेशीबाहेरच पडे. परंतु कोण आले आणि कशासाठी आले, हे लोकांना ठाऊक असे.

३/ पुढे आगगाडी आली आणि तांड्यांचा व्यापार बसला. जंगलांवर सरकारी हक्क आला. एका जागी न सापडणारी ही माणसे महसुलाच्या हिशेबात बसेनात.

४/ मग कायद्याने संपूर्ण जमातीच ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित करण्याची सोय केली. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागचा तर्क. तो विलायतेहून आणावा लागला नाही. जातिव्यवस्थेने तो येथे तयारच ठेवला होता. नोंदणी, हजेरी, हद्द ओलांडण्यासाठी परवाना. आणि अशा घोषणेच्या वैधतेची तपासणी करण्यास न्यायालयालाही मज्जाव!

५/ याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही होती. नोंद झालेल्याने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे हाच गुन्हा. भटक्यांवर निदान चोरीचा आळ होता. येथे तर वस्त्रच पुरावा ठरले.

६/ आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासही लागू होईल असा विस्तारला. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तेथील लोक आजही त्या भागाला ‘सेटलमेंट’ म्हणतात. कुंपणातील माणसे शहराच्या कापडगिरण्यांत राबत. ज्या हातांना चोरी जन्मजात आहे असे सरकार सांगे, त्याच हातांवर यंत्रे सोपवताना कोणी कचरले नाही. भीती खरी असती तर गिरणीचे दार त्यांना उघडले असते काय?

७/ मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये, तर देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द त्यातूनच आला. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला. कागदावर तो व्यक्तीपुरता, जमातीपुरता नव्हे. तरीही चोरी कोठेही होवो, चौकशीची पहिली गाडी अनेकदा पारध्यांच्या पालाशीच थांबते.