विश्लेषण : शिडाची बोट घेणे सोपे, सांभाळणे कठीण, असे का?

शिडाची बोट वाऱ्यावर चालते. खर्च मात्र ती मरीनात बांधून ठेवली तरी सुरूच राहतो. बोटीच्या किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम दरवर्षी देखभालीवर जाते, असा नौकामालकांचा ढोबळ हिशेब.

हा पैसा जातो कुठे? खाऱ्या पाण्यात बोटीच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकलसारखे कवचधारी जीव चिकटतात. वेग घटतो, इंधन जास्त लागते. म्हणून बोट क्रेनने वर काढून तळ खरवडायचा आणि तांबेयुक्त रंगाचे हात द्यायचे. प्रोपेलरजवळचा जस्ताचा तुकडा स्वतः झिजून इतर धातू वाचवतो; तो निम्मा झिजला की बदलायचा. उन्हाने शिडे विरतात, डोलकाठीच्या तारा कमकुवत होतात. एक तार तुटली, तरी भर समुद्रात डोलकाठी कोसळू शकते. त्यामुळे ही देखभाल हौस नव्हे, सुरक्षा आहे.

खरवडलेला रंग विषारी असतो. तो गोळा करण्याची सोय नसेल, तर त्याची किंमत समुद्र आणि मच्छीमार मोजतात. म्हणूनच किनाऱ्यावर मरीनाची घोषणा झाली की बोटी किती मावतील, याआधी क्रेन, कार्यशाळा आणि कचऱ्याची सोय कुठे, हे विचारायला हवे.