संगणकाला मार्क चांगले, मग तो बंद का पडतो?



शाळेतला संगणक बिघडला की बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. कोणीतरी येऊन विंडोज नव्याने टाकून जातो, नाहीतर संगणक कोपऱ्यात निर्लेखनाची वाट बघत बसतो. माझ्या मते दोन्हीत घाई होते.

आमचा लोकवर्गणीतून घेतलेला डेस्कटॉप सकाळी छान चालायचा आणि दुपारी मुलं चित्र काढायला बसली की निळी स्क्रीन! दुरुस्तीवाल्याने बेंचमार्क सॉफ्टवेअर चालवलं. पाच-सात मिनिटांत आकडा आला. "मॅडम, स्कोअर एकदम मस्त. मशीनमध्ये काही नाही, पोरंच काहीतरी दाबत असतील." आणि मीही, खरं सांगते, आठवडाभर चौथीच्या मुलांना त्याला हात लावू दिला नाही.

इथेच आपण फसतो. बेंचमार्क वेग मोजतो. ठरावीक काम किती झटपट झालं, एवढंच तो सांगतो. बिघाड शोधणं हे त्याचं कामच नाही. रॅममधली एखादी जागा खराब असेल आणि त्या पाच मिनिटांत तिथे काही लिहिलंच गेलं नाही, तर आकडा चांगलाच येणार. वर ही तपासणी झाली सकाळी, थंड मशीनवर. बिघाड दिसायचा दुपारी, तापल्यावर आणि चार प्रोग्राम उघडे असताना.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावला. हे विंडोज सुरू होण्याआधीच चालतं आणि रॅममध्ये वेगवेगळे नमुने लिहून परत वाचून बघतं. वेळ लागतो, म्हणून शाळा सुटताना लावला. एकही चूक यायला नको असते; सकाळी बघते तर लाल ओळीच ओळी. आता दोष रॅमच्या पट्टीत की खाचेत? दोन्ही पट्ट्या आळीपाळीने एकाच खाचेत लावून तपासल्या. एक पास, एक नापास. (पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून आधी बघाच, कधीकधी तेवढ्यानेही काम होतं. पण प्लग काढून!)

हार्ड डिस्कचंही तसंच. वेग चांगला दिसला तरी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये खराब सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर निकालाच्या फाइल आजच दुसरीकडे ठेवा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर आधी तीन व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला. त्यासाठी अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगणारेही भेटतात म्हणे.

आता गंमत ऐका. खराब पट्टी काढल्यावर रॅम निम्मी झाली, म्हणून बेंचमार्कचा स्कोअर चक्क कमी आला. पण निळी स्क्रीन परत आली नाही.

मुलांना मी वर्गात सॉरी म्हटलं. आता संगणकाशेजारी एक वही दोरीने बांधली आहे: तारीख, वेळ, काय उघडं होतं, काय झालं. ती मुलंच भरतात. दुरुस्तीवाला आला की आधी ती वही त्याच्या हातात देते, मग माऊस.