पलंगाखालची कादंबरी

आषाढ पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी एक ताई आमच्या घरी आल्या. जयभीम झाला, चहा झाला, आणि मग त्यांनी पिशवीतून तीन जाड वह्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवून त्या निवृत्त झालेल्या. वह्यांत कादंबरी होती. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांची. "दादा, आत्मचरित्र नाही हं हे," त्या घाईघाईने म्हणाल्या, "सगळे तेच विचारतात. हे मी रचलंय."

वह्यांखालून एक टाईप केलेला कागद निघाला. कुणा प्रकाशकाचा करारनामा. चाळीस हजार रुपये लेखिकेने द्यायचे, प्रती तीनशे निघणार, त्यांतल्या पन्नास लेखिकेला. आणि अगदी खाली एक ओळ : 'सर्व हक्क प्रकाशकाधीन.' पैसे ताईंचे, मेहनत ताईंची, हक्क मात्र त्याचे! निवृत्तीच्या रकमेतून धनादेश लिहायचा तेवढा बाकी होता.

आम्ही म्हटले, सही करू नका. त्यांना वाटले, आम्ही पुस्तकच काढू नका म्हणतो आहोत. त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा आमच्या पत्नीने त्यांना हाताला धरून आत नेले आणि पलंगावरची चादर वर करून दाखवली.

त्या पलंगाखाली आमची कादंबरी आहे, वाचकहो. 1998 साली आम्ही ती स्वखर्चाने काढली. प्रेसवाल्याने सांगितले की पाचशे काढा की हजार, जुळणी आणि प्लेटा यांचा खर्च तोच, वाढतो तो कागद आणि बांधणी. मग हजारच का नको? हिशेब खरा होता. पण हजार प्रती घेणार कोण, हे प्रेसवाल्याने सांगायचे नसते, आम्ही विचारायचे असते. सोसायटीचे कर्ज काढले. पत्नीने तेव्हा काही म्हटले नाही. आता झाडताना म्हणते.

त्या वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीला दोन गठ्ठे घेऊन गेलो. शिवाजी पार्कवर एका ओळखीच्या स्टॉलचा कोपरा मिळाला. वंदनेच्या पुस्तिका, गीतांची पुस्तके, बाबासाहेबांची भाषणे लोक भराभर घेत होते. ज्यांना स्वतःला वाचता येत नव्हते अशा म्हाताऱ्या बायाही नातवासाठी म्हणून पुस्तक घेऊन पदराखाली धरत होत्या. कादंबरी मात्र लोक उचलत, मागची बाजू वाचत आणि अलगद ठेवून देत. राग कसा यावा? रात्रभर रेल्वेने उभ्याने आलेला माणूस जेवणाच्या पैशातून पुस्तक घेतो, तर तो आधी बाबासाहेबच घेणार.

दुपारी एक मुलगा आला, कॉलेजातला असावा. उभ्याउभ्याच वाचू लागला. मध्ये लोकांचे धक्के बसत होते, तरी त्याने मान वर केली नाही. आम्हाला वाटले, सार्थक झाले. मग त्याने विचारले, "काका, यातली शांता मेली का?" आम्ही म्हटले, नाही बुवा. तो म्हणाला, "मग नव्वदाव्या पानापासून ही कांता कोण?"

शांताची कांता झाली होती! लिहिताना आम्ही मध्येच नाव बदलले आणि मागची पाने तशीच राहिली. मुद्रिते आम्हीच तपासलेली. स्वतः लिहिलेले स्वतः तपासताना डोळा अक्षर वाचत नाही, मनात असते तेच वाचतो. हजार प्रतींत ती चूक हजार वेळा छापून झाली होती. छापण्याआधी एकाही दुसऱ्या माणसाने आमची कादंबरी वाचलेली नव्हती. कर्ज फिटले, ही गोष्ट मात्र अजून सलते.

ताई चादर खाली सोडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे वह्या पेटीत ठेवू?"

मुळीच नाही. पेटीत ठेवल्याने काय होते ते आपल्या घराण्यात घडून गेले आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. ते छापून आले 1979 साली. एकशे चोवीस वर्षे! तोवर किती पिढ्या आल्या आणि गेल्या, त्यांना हे नाटक आपले आहे हे ठाऊकच नव्हते. म्हणून स्वतः पुस्तक काढण्याची कुणी हेटाळणी केली की आम्हाला ती रुचत नाही. 1936 साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर गाळायला सांगितला. त्यांनी नकार दिला, परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतःच छापून प्रसिद्ध केले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

हे ऐकून ताई ताठ बसल्या. "मग मी तरी माझा शब्द का बदलू?" दुसऱ्या वहीत चाळीसेक पाने तेच ते येते, असे आम्ही मघाशी बोललो होतो, ते त्यांना लागले होते.

ताई, आम्ही म्हटले, मंडळाला विचार गाळून हवा होता. पुन्हा पुन्हा आलेले गाळणे वेगळे. आणि त्याच बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' पूर्ण होण्याआधी त्याच्या मोजक्या प्रती छापून खासगीत वाचायला दिल्या होत्या. एवढा विद्वान माणूस दुसऱ्यांना वाचायला देतो, मग आपण कोण?

त्यांच्या काळी असे करणे खर्चाचे होते, आज नाही. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, त्यामुळे वीस-पंचवीस प्रतीही निघतात. दर प्रतीला पैसे जास्त पडतात, पण पलंग मोकळा राहतो. त्याआधी नुसत्या झेरॉक्स काढून बांधल्या तरी चालते. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे ताईंची चाळीस पाने गेली तर अडीच फर्मे वाचले. आयएसबीएन क्रमांकासाठी दलालाला पैसे देऊ नयेत; दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था तो फुकट देते आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. पहिले पुस्तक असेल त्यांनी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पाहावी. आणि हक्काचे म्हणाल तर 1957 च्या कायद्याप्रमाणे लिहिले त्या क्षणी हक्क लिहिणाराचा. लेखी दिल्याशिवाय तो कुणाकडे जात नाही, म्हणून तर त्या शेवटच्या ओळीखाली सही हवी असते.

वितरकांना मात्र पर्याय अजून सापडलेला नाही. आमच्या वेळी छापील किमतीच्या निम्मे त्यांनीच ठेवले होते. आणि भेटप्रत मागणाऱ्या मित्रांविषयी आज लिहीत नाही, त्यांतले दोघे हे सदर वाचतात.

ताईंनी पाच झेरॉक्स प्रती काढल्या. त्यांच्या गावी विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. ते संपले की ज्यांना थांबायचे असेल त्या बाया थांबत आणि ताई आपल्या वहीतले एक प्रकरण वाचत. त्यांतल्या चारजणी 1972 साली खडीवर होत्या. परवा ताईंचा फोन आला. आवाज पडलेला वाटला म्हणून आम्ही विचारले, कुणाला आवडले नाही का?

"तसं नाही दादा. चौथ्या प्रकरणात मी लिहिलंय, बाया खडीवर बसून सुकडी खातात. तर एक आजी म्हणाली, बाई, आम्ही तिथं कवा खाल्ली? पदरात बांधून लेकरांला न्यायचो. मग बाकीच्याही बोलायला लागल्या. नऊ वाजता उठायचं ते अकरा वाजले."

चौथे प्रकरण त्या पुन्हा लिहीत आहेत. करारनाम्याचा कागद पाठकोरा होता, त्यावर आजींचे बोलणे टिपून घेतले आहे म्हणाल्या.