बाजू घ्या, पण झाकू नका

निवडणूक जवळ आली की मोबाईलवर ‘डॉक्युमेंटरी’ येऊन पडायला लागतात. दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ, भारदस्त आवाज, मागे दणदणीत संगीत आणि शेवटी एखादा नेता एकतर देव ठरतो, नाहीतर राक्षस. बघायला मजा येते. पण मित्रांनो, बघून झाल्यावर नेमकं कळलं काय, हे स्वतःला कधी विचारलंय?

यावर उपाय म्हणून सांगितलं जातं की राजकीय माहितीपट निष्पक्षच हवा. म्हणायला सोपं आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा, कुणाला बोलतं करायचं, काय कापायचं, हे ठरवतानाच बाजू घेतली जाते. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. टॉकीजमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील लागायची. धरणं, कारखाने, पंचवार्षिक योजना, सगळं शांत, सभ्य आवाजात. धरणाच्या पाण्याखाली कुणाचं गाव गेलं, हे त्या आवाजात क्वचितच ऐकू यायचं. ती बाजूच होती, फक्त ती बाजू वाटत नव्हती.

अशा गावांकडे कॅमेरा नेणारा एक माहितीपट आपल्या भागातही झाला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’, १९९५ सालचा. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं बाधित होणार होती, तीही अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ मध्ये. म्हणजे तेव्हा बुडणारं मणिबेली हे धुळे जिल्ह्यातलं गाव. हा माहितीपट आंदोलकांसोबत उभा आहे आणि ते लपवत नाही. नावातच ‘डायरी’ आहे. म्हणून बघणाऱ्यालाही सावध राहता येतं. कच्छ-सौराष्ट्राची तहान समजून घ्यायची तर दुसरीकडे वाचावं लागेल. धरणाला हिरवा कंदील देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००० चा निकाल वाचावा लागेल, आणि त्याच निकालातलं न्यायमूर्ती भरूचा यांचं वेगळं मतही.

मग मनोरंजनाचं काय? पटवर्धनांचाच ‘जय भीम कॉम्रेड’ बघा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेलं काम १४ वर्षं चाललं आणि २०११ मध्ये माहितीपट आला. चांगलाच लांब, तरी प्रेक्षक खिळून राहतो, कारण त्यात शाहिरी आहे. ही गाणी वरून घातलेली फोडणी नाहीत. वस्तीचं म्हणणं त्यांतूनच कळतं. उलट उदाहरण अमेरिकेतलं. मायकल मूरच्या ‘फॅरनहाइट ९/११’ने २००४ मध्ये बुश यांची भरपूर खिल्ली उडवली, कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवला, गल्लाही जोरात जमवला. बुश त्याच वर्षी पुन्हा निवडून आले. आधीच पटलेल्यांना हसवणं सोपं असतं. न पटलेल्याला शेवटपर्यंत बसवून ठेवणं अवघड.

म्हणून पुढचा माहितीपट बघताना तीन गोष्टी तपासा. बनवणारा कोण आणि पैसा कुणाचा, हे सांगितलंय का? दृश्य कधीचं, कुठलं, हे कळतंय का? आणि विरोधकाला त्याचं सगळ्यात मजबूत म्हणणं मांडू दिलंय, की त्याची फक्त फजिती दाखवलीय?

हेच प्रश्न स्वतः कॅमेरा धरणाऱ्यांनाही लागू आहेत. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? अमळनेर तालुक्यातलं पाडळसरे धरण वर्षानुवर्षं रखडलंय. पाण्याची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला भेटा, जमीन गेलेल्यालाही भेटा आणि जळगावात तापी पाटबंधारे महामंडळाच्या कार्यालयातही जा. नंतर तुमचं मत बिनधास्त मांडा. फक्त ज्या मुलाखतीमुळे तुमचंच म्हणणं अडचणीत येतं, ती एडिटिंगमध्ये कापू नका. तुमच्या विरोधातला माणूसही मग माहितीपट शेवटपर्यंत बघेल.