‘पूर्ण कधी होणार?’ आणि इतर निरर्थक प्रश्न

घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडणाऱ्या माणसाला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. ‘किती खर्च आला?’ हा पहिला. त्याचं खरं उत्तर घरच्यांसमोर कुणी देत नाही, तेव्हा तो सोडून देऊ. दुसरा, ‘पूर्ण कधी होणार?’ हा मात्र डोक्यात जातो.

माझ्याकडे सध्या चौथा लेआउट आहे. आधीचे तीन मी स्वतःच्या हातांनी मोडले. हे ऐकलं की समोरचा ‘अरेरे’ म्हणतो, जणू घरात काही दुःखद घडलंय. अहो, अरेरे कशाला?

लहानपणी दर दिवाळीला किल्ला केलात ना? विटा रचल्या, वर चिखलात बुडवलेलं पोतं टाकलं, मोहरी नाहीतर अळीव पेरले, मावळे उभे केले. दिवाळी सरली की मोडला. पुढच्या वर्षी नवा किल्ला, नवे बुरूज. ‘किल्ला पूर्ण कधी होणार?’ असं तुमच्या आजोबांनी एकदा तरी विचारलं होतं का? गंमत म्हणजे लेआउटवरचे डोंगरही असेच होतात. विटांच्या जागी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, पोत्याच्या जागी प्लॅस्टरमध्ये बुडवलेलं कापड. हात तेच, माणूस तोच. मग तिशीत असं काय झालं?

झालं असं की आपण नोकरीला लागलो. ‘पूर्ण’ हा हापिसातला शब्द आहे. तिथे रिलीजची तारीख असते, क्लायंट असतो, अप्रेझल असतं. तिथे तो शोभतो. आपण तो खिशात घालून घरी आणतो आणि शनिवार-रविवारलाही हजेरीपट लावतो. माझ्या लेआउटला क्लायंट नाही. त्यामुळे त्याची डिलिव्हरीही नाही. इतकं सोपं आहे हे.

‘पण धरसोडच ही!’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी या छंदातली मोठी माणसं बघावीत. टेक्सासच्या डेव्हिड बॅरो यांनी २ x ४ फुटांच्या ‘डॉमिनो’ तुकड्यांवर लेआउट रचायची पद्धत रूढ केली आणि स्वतःचा लेआउट कितीतरी वेळा नव्याने मांडला. टोनी कोस्टर यांनी मासिकांतून गाजलेला, वर्षानुवर्षं चालवलेला ‘ॲलेगेनी मिडलंड’ मोडला आणि ‘निकेल प्लेट’ बांधायला घेतला. लिन वेस्टकॉट यांच्या एल-गर्डर चौकटीत आडव्या पट्ट्यांचे स्क्रू खालून बसवतात. का? तर वर रूळ टाकल्यानंतरही पट्टी सरकवता यावी म्हणून. म्हणजे बदल होणारच हे मुळातच गृहीत धरलेलं.

आणि आपल्या धंद्याचंच बघा. ‘हॅक’ हा शब्द आपल्या अर्थाने रुळवला (हो, रुळवलाच) तो एमआयटीच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबातल्या पोरांनी. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ सालच्या ‘हॅकर्स’ची सुरुवात तिथूनच होते. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले जोडून ती पोरं गाड्या चालवायची आणि चालू असलेली यंत्रणा आणखी चांगली करायला पुन्हा उघडायची. पूर्ण करायची घाई त्यांना असती, तर आपण आज काय करत असतो कोण जाणे.

मोडल्याशिवाय कळत नाहीत अशा काही गोष्टी असतात. पहिल्या लंबगोलाने मला सांगितलं की गाडी गोल फिरताना बघण्यापेक्षा शंटिंगमध्ये मला जास्त मजा येते. दुसरा म्हणून निव्वळ यार्ड. तिसऱ्यावर बोर घाट घेतला. १ : ३७ चा चढ, कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात तो. आता हिशोब करा. कर्जत-लोणावळा साधारण २८ किमी. १ : १६० च्या एन स्केलमध्ये ते होतात १७५ मीटर! एका रुळावरून दुसरा न्यायला ५ सेंमी उंची लागते. १ : ३७ ने ती गाठायला १.८५ मीटर लांबी हवी. शिवाय वळणावर ओढ वाढते, सपाटीवर आरामात येणारे डबे चढावर रुसतात. काय ठेवायचं, काय गाळायचं हे कागदावर सुचतं. पटतं मात्र बांधल्यावरच.

कायम टिकणारे लेआउट असूच नयेत असं नाही. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ सालचं, तिथे शेकडो पोरं डोळे विस्फारून उभी राहतात. ते टिकलंच पाहिजे. पण तुमचा टू-बीएचके म्युझियम नाही. आणि टिकण्याचं म्हणाल, तर या छंदातलं सर्वांत गाजलेलं नाव जॉन ॲलन. कॅलिफोर्नियातला त्यांचा ‘गोरी अँड डिफीटेड’ तिसऱ्या खेपेचा होता, आणि पहिला छोटा लेआउट त्यांनी त्यातच सामावून घेतला होता. १९७३च्या जानेवारीत ते गेले, आणि काही दिवसांतच आगीत तो जवळजवळ सगळा गेला. मागे काय उरलं? फोटो, लेख, आणि त्यांच्याकडून शिकलेली माणसं.

खरा राग मला येतो तो ‘स्वतःचा मोठा फ्लॅट झाला की करू’ या वाक्याचा. दर ११ महिन्यांनी भाडेकरार, दर दोन-तीन वर्षांनी नवं घर, कधी नवं शहर. मोठा फ्लॅट येतो तोवर कर्जाचे हप्ते येतात, आणि ती जादाची खोली लेकराची झालेली असते. तोपर्यंत दहा वर्षांचे शनिवार-रविवार गेलेले असतात, आणि ते कुणी परत करत नाही.

तेव्हा मोडता येईल असंच बांधा. आठ बाय चारच्या एका प्लाय शीटमधून २ x ४ चे चार तुकडे निघतात. एक तुकडा लिफ्टमध्ये मावतो, आणि एन स्केलचं २४९ मिमी त्रिज्येचं वळण त्यावर बसतं. फेविकॉलपेक्षा स्क्रू वापरा. वायरी सोल्डर करून कायमच्या जोडू नका, कनेक्टर लावा. सांधे आणि मोटरी सुट्या निघाल्या पाहिजेत. आणि एकच नियम पाळा: गाडी मनसोक्त चालवल्याशिवाय मोडायचं नाही. न चालवता मोडणं म्हणजे कंटाळा. चालवून मोडणं म्हणजे पुढची आवृत्ती.

आणि कुणी विचारलंच ‘पूर्ण कधी होणार?’, तर त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. बहुतेक जण पुन्हा विचारत नाहीत. उरलेले पुढच्या शनिवारी आपणहून येतात.